वर्दी, बॅग आणि गाव

फौजेतून परतलेला, विम्याची बॅग खांद्याला लावून फिरणारा आणि गावातल्या प्रत्येक कामात पुढं असणारा एक माणूस आपल्याकडं जवळपास प्रत्येक गावात असतो. ‘पॉलिसीवाले काका’ म्हणून त्याला टाळण्याआधी त्याचं काम नेमकं काय असतं, ते एकदा समजून घेऊ या.

‘पॉलिसीवाले काका आले’ असं दारातून कुणी सांगितलं की घरात काय होतं? बाबा ‘नाही म्हणून सांग’ असा इशारा करतात. आई चहा टाकते, कारण दारात आलेल्या माणसाला परत कसं पाठवायचं? आणि आपण मोबाइल कानाला लावून मागच्या दारानं सटकतो. व्हॉट्सॲपवर त्यांचे ‘शुभ सकाळ’चे मेसेज आपण कधीच म्यूट केलेले असतात.

आता हाच सीन थोडा वेगळा करून बघा. त्याच घरात एक दिवस कर्ता माणूस जातो. तेराव्यापर्यंत पाहुणे असतात, नंतर एकेक करून निघून जातात. मग एका सकाळी तेच काका येतात. चपला बाहेर काढतात, खाली सतरंजीवर बसतात आणि हळू आवाजात विचारतात, “कपाटातली पिशवी काढ बरं बेटा, कागदं पाहू.” त्या दिवशी त्यांना कुणी टाळत नाही.

या लेखातल्या काकांना आम्ही नाव दिलेलं नाही. तो एक माणूस नाही, एक जात आहे. सैन्यातून निवृत्त होऊन विमा एजंट झालेल्या आणि जोडीला गावासाठी राबणाऱ्या माणसांची जात. आपण त्यांना शेंदूरजनाघाटात पाहू. पण तुम्ही अचलपूरचे असा, मूर्तिजापूरचे असा की दर्यापूरचे, तुमच्या गावातला चेहरा तुम्हाला आपोआप दिसेल.

गाव कलमांचं

शेंदूरजनाघाट म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ वसलेलं वरुड तालुक्यातलं नगर परिषदेचं गाव. संत्र्याच्या कलमांसाठी ते ओळखलं जातं. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा, कलम तयार करायचं आणि ते दूरदूरच्या बागांना पाठवायचं, हा इथला धंदा. ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ हे नाव वरुड भागाला मिळालं ते संत्र्यामुळंच.

पण कॅलिफोर्निया म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तसा निवांतपणा इथं नाही. वरुड-मोर्शी पट्ट्यात जमिनीतलं पाणी इतकं उपसलं गेलं की हा भाग ‘डार्क झोन’ म्हणून ओळखला जाऊ लागला. बाग लावली की पाच-सहा वर्षं वाट पाहायची. फळ धरलं की फळगळ, कोळशी आणि डिंक्या. गारपीट झाली तर एका संध्याकाळी वर्षाचा हिशोब संपतो. पुढच्या वर्षाचं काहीच नक्की नसलेल्या अशा गावात हा माणूस पुढच्या वीस वर्षांचा विमा विकायला निघतो. सोपं आहे का?

त्यात लोकांच्या मनात विमा म्हटलं की आधी फळपीक विमा येतो. “त्याचेच पैसे नाई आले अजून, अन् तुमचा विमा कायले पाह्यजे?” हा प्रश्न त्याला दर दुसऱ्या ओट्यावर ऐकावा लागतो. हवामानावर आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या हवामान केंद्राच्या नोंदीवर, तुमच्या बागेत किती फळ गळालं त्यावर नाही. म्हणून बाग रिकामी आणि भरपाई शून्य, असंही घडतं. ही योजना वेगळी, जीवन विमा वेगळा, हे समजावण्यातच त्याचा अर्धा तास जातो. तोवर चहा थंड होतो.

पहिली इनिंग : वर्दी

आपल्याकडं पोरं पहाटे साडेचारला उठून रस्त्यावर धावतात. भरती निघाली की अर्धा वर्ग मैदानावर असतो. फौजी भाऊही कधीकाळी असेच धावले. अठरा-वीसच्या वयात भरती झाले. मग ट्रेनिंग, पोस्टिंग, थंडी, वाळवंट आणि वर्षाकाठी एकदा मोठी सुट्टी.

फौजेतल्या जवानाला पेन्शनसाठी किमान १५ वर्षांची नोकरी लागते. त्यामुळं बरेच जण वयाच्या पस्तिशी-चाळिशीत घरी परततात. शहरातल्या माणसाच्या करिअरला या वयात कुठं वेग येतो. इकडं फौजी भाऊंची पहिली इनिंग संपलेली असते, पोरं शाळेत असतात, घराचं काम अर्धवट असतं आणि पेन्शन एकटी पुरत नाही.

पुढं काय? बँकेच्या दारात गार्ड, एमआयडीसीत सिक्युरिटी, एखाद्या सरकारी खात्यात राखीव जागा, नाहीतर घरची शेती. आणि काही जण विम्याची एजन्सी घेतात.

हा रस्ता त्यांना अगदी अनोळखी नसतो. फौजेत जवानाच्या पगारातून गट विम्याचा हप्ता कापला जातो. त्यासाठीचा ‘आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंड’ १९७६ पासून चालू आहे. त्याहून महत्त्वाची एक सवय फौज लावते, ती म्हणजे कागदाची. लग्न झालं, मूल झालं, की युनिटमध्ये ‘पार्ट टू ऑर्डर’ निघाली पाहिजे. ती निघाली नाही तर रेकॉर्डला बायकोचं नाव नाही, मुलाचं नाव नाही. उद्या काही झालं तर पेन्शनसाठी त्या बाईनं फिरायचं. म्हणून सुभेदार साहेब जवानाच्या मागं लागून ही नोंद करून घेतात. सीमेवरच्या माणसाला ‘माझ्यानंतर कोण?’ हा प्रश्न अशुभ वाटत नाही. तो फॉर्ममधला एक रकाना असतो.

आपल्या घरांत मात्र हा प्रश्न कुणी काढला की आजी लगेच म्हणते, “असं अभद्र कायले बोलता बाप्पा!” फौजी भाऊंची दुसरी इनिंग सुरू होते ती याच दोन वाक्यांच्या मध्ये.

दुसरी इनिंग : बॅग

विमा एजंट होण्यासाठी वय १८ पूर्ण आणि दहावी पास एवढं पुरतं. २५ तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, मग परीक्षा द्यायची. पास झालात की एजंट. पगार नाही, फक्त कमिशन. एकट्या एलआयसीकडे देशभरात १३ लाखांहून जास्त एजंट आहेत.

एलआयसीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. त्याआधी विमा होता तो खासगी कंपन्यांचा. साताऱ्यात १९१३ साली अण्णासाहेब चिरमुले यांनी ‘वेस्टर्न इंडिया’ ही विमा कंपनी काढली होती. काही कंपन्या चांगल्या चालल्या. काहींच्या मालकांनी मात्र लोकांचा पैसा आपल्याच धंद्यात फिरवला. कंपनी बुडाली की विधवा बाईच्या हातात उरायचा तो नुसता कागद. १९ जानेवारी १९५६ रोजी वटहुकूम निघाला आणि सगळ्या जीवन विमा कंपन्या सरकारनं ताब्यात घेतल्या. आकाशवाणीवरून देशाला ही बातमी सांगणारे अर्थमंत्री होते आपले सी. डी. देशमुख. तेव्हा २४५ कंपन्या आणि सोसायट्या एकत्र आल्या आणि १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी उभी राहिली. सरकारनं भांडवल घातलं ५ कोटी. सुरुवातीला देशभरात शाखा होत्या २१२. गावोगाव पोहोचायचं काम केलं ते एजंटांनी, आधी सायकलवर आणि मग मोटरसायकलवर.

फौजी भाऊंच्या बॅगेत काय असतं? प्रपोजल फॉर्म, कॅल्क्युलेटर, स्टॅम्प पॅड (अंगठ्यासाठी), दोन पेनं, पाण्याची बाटली आणि एक जाडजूड डायरी. आता मोबाइलवर ॲप आहे, पण डायरी सुटत नाही. तिच्यात कुणाचा हप्ता कधी, कुणाच्या पोरीचं लग्न कधी आणि कुणाच्या बागेचा सौदा कधी, हे सगळं लिहिलेलं असतं.

सौदा कशाला? इथंच चांगला एजंट ओळखू येतो. आंबिया बहाराची संत्री साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतात, मृग बहाराची फेब्रुवारीनंतर. व्यापारी बागेत येतो, सौदा होतो, हातात पैसा येतो. हप्त्याची तारीख ठरते ती पॉलिसी सुरू झालेल्या तारखेवरून. जून महिन्यात, बी-बियाणं-खताच्या खर्चात कुणाच्या गळ्यात पॉलिसी मारली तर पुढं दरवर्षी जूनमध्येच हप्ता येणार आणि माणूस दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी हात वर करणार. जो आंबियाचं बघून नोव्हेंबरची तारीख धरतो, त्याच्या पॉलिसी टिकतात. हे ज्ञान २५ तासांच्या प्रशिक्षणात मिळत नाही. त्यासाठी गावात राहावं लागतं.

आता पैशांचं बोलू. पारंपरिक पॉलिसीत पहिल्या वर्षी कमिशन जास्त असतं आणि नंतर ते बरंच खाली येतं. पुढच्या वर्षांना हप्त्याच्या ५ टक्के धरले तर २०,००० च्या हप्त्यावर वर्षाला १,००० रुपये. त्यातही ऑक्टोबर २०२४ पासून एलआयसीनं पहिल्या वर्षाचं कमिशन कमी केलं. बरं, गिऱ्हाईक काय म्हणतं? “पहिला हप्ता तुम्हीच भरा, मग घेतो.” गावोगाव ही घासाघीस चालते. पण विमा कायद्याच्या कलम ४१ नुसार कमिशनमधला वाटा गिऱ्हाइकाला देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हा आहे. दंड १० लाखांपर्यंत होऊ शकतो. जो एजंट ‘नाही’ म्हणतो त्याची पॉलिसी जाते, शेजारचा एजंट ‘हो’ म्हणून ती घेतो. फौजी भाऊंना ‘अकडू’ हे नाव पडतं ते बहुतेक इथूनच.

काळी बाजू आहेच

सगळेच एजंट देवमाणूस असतात, असं कुणी म्हटलं तर तुम्ही हसाल आणि ते बरोबरच असेल. एजंटांबद्दलचा राग उगाच नाही. ज्याची ऐपत ५,००० ची त्याला २५,००० चा हप्ता लावणारे असतात. ‘पाच वर्षांत डबल’ सांगून वीस वर्षांची पॉलिसी देणारे असतात. फॉर्मवर बीपी-शुगर लपवून ‘काही होत नाही’ म्हणणारेही असतात. मग माणूस दोन वर्षांत गेला की कंपनी तपास लावते आणि खोटं उघडं पडतं. दावा नाकारला जातो तो बायकोचा. फॉर्म भरणारा एजंट तेव्हा फोन उचलत नाही.

यूट्यूबवर तुम्ही पाहिलंच असेल, ‘एंडोमेंट पॉलिसी घेऊ नका, टर्म घ्या’. गणित त्यांच्या बाजूनं आहे. बचतीच्या पॉलिसीवर परतावा कमी मिळतो आणि त्याच हप्त्यात टर्म विम्याचं संरक्षण कितीतरी पट मिळतं. मग टर्म प्लॅन गावात खपत का नाहीत? एक तर ‘मेलो नाही तर पैसे बुडाले’ ही भावना. दुसरं म्हणजे हप्ता लहान, म्हणून कमिशनही लहान, मग एजंट कशाला सांगेल? यातला चांगला एजंट कोण? जो आधी विचारतो, “घरात कमावणारे किती? कर्ज किती? उद्या तुमचं काही झालं तर पोरांची शाळा कशी चालेल?” आणि मग पॉलिसीचं नाव घेतो.

पण यूट्यूबच्या गणितात एक गोष्ट येत नाही. पॉलिसी घ्यायला ॲप पुरतं, दावा करायची वेळ येते तेव्हा समोर बसलेलं असतं रडून थकलेलं घर.

दाव्याचा दिवस

एजंटची खरी परीक्षा या दिवशी होते. मृत्यूचा दाखला काढायचा, मूळ पॉलिसी शोधायची, ३७८३ नंबरचा दावा फॉर्म भरायचा, वारसाच्या बँक पासबुकची प्रत जोडायची. ऐकायला चार कागद आहेत. पण पॉलिसीवर नाव ‘रामराव’, आधारवर ‘रामकृष्ण’ आणि सातबाऱ्यावर ‘रामाजी’ असेल तर? मूळ पॉलिसी उंदरानं खाल्ली असेल तर?

सगळ्यात अवघड प्रकरण नॉमिनीचं. पोरानं नोकरी लागली तेव्हा पॉलिसी काढली आणि नॉमिनी म्हणून आईचं नाव दिलं. पुढं लग्न झालं, दोन लेकरं झाली, पण नाव बदलायचं राहून गेलं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं नॉमिनी असतील तर रकमेवर हक्क त्यांचाच मानला जातो. म्हणजे तो पैसा आईचा. सासू-सुनेचं जमत असेल तर ठीक, नसेल तर एका रकान्यापायी घर कोर्टात जातं. ‘पार्ट टू ऑर्डर’ची सवय असलेला माणूस लग्नाच्या पंगतीतच नवरदेवाच्या कानात का सांगतो, “नॉमिनी बदलून घेजो रे,” ते आता कळलं ना?

नागपूरचे भरत पारेख हे विमा एजंट याच गोष्टीमुळं देशभर गाजले. २०२२ मध्ये बीबीसीनं त्यांच्यावर लेख केला होता. वर्तमानपत्रातल्या निधनवार्ता वाचायच्या, अंत्यसंस्काराला जायचं आणि विम्याच्या दाव्यात काही अडचण आली तर मला सांगा म्हणून कार्ड द्यायचं, ही त्यांची पद्धत. पहिल्यांदा ऐकून विचित्र वाटतं. पण ज्या घराचा दावा नीट निकाली निघतो, त्या घरातली पुढची पिढी विम्यासाठी कुणाकडे जाईल, सांगा बरं?

फेब्रुवारी २०२१ आठवा. कोविडच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात सगळ्यात आधी ज्या जिल्ह्यांत लॉकडाऊन लागलं, त्यांत आपला अमरावती होता. त्या वर्षी अनेक घरांत असं झालं की माणूस गेला आणि काही महिन्यांनी कुणीतरी पासबुक नीट पाहिलं. त्यात मे महिन्यात ३३० रुपये कापल्याची एक ओळ होती. ती होती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. त्या ३३० रुपयांत २ लाखांचा विमा होता, घरात कुणाला माहीत नव्हतं. आज तो हप्ता ४३६ रुपये आहे. पासबुकातली ती एक ओळ दाखवायला कुणी कमिशन देत नाही. फौजी भाऊ तरी दाखवतात.

तिसरी इनिंग : गाव

विम्याची बॅग घेऊन फिरणाऱ्या माणसाला गावाचं सगळं माहीत असतं. कोणाच्या घरी आजारपण, कोणाच्या घरी वाटणीचा वाद, कोण एकटं राहतं. हे माहीत असलेला माणूस दोन गोष्टी करू शकतो, त्याचा धंदा करू शकतो किंवा त्याची जबाबदारी घेऊ शकतो.

आपल्या जिल्ह्याला दुसऱ्या गोष्टीची जुनी सवय आहे. हातात खराटा घेतलेले गाडगेबाबा इथलेच, गुरुकुंज मोझरीतून ग्रामसेवेचा धडा देणारे तुकडोजी महाराजही इथलेच. ‘श्रमदान’ हा शब्द आपल्याला एनएसएसच्या कॅम्पात पहिल्यांदा भेटला असेल, पण आपल्या आजोबांना तो रोजचाच होता.

अगदी अलीकडचं सांगायचं तर २०१६ सालचं. पानी फाउंडेशननं पहिली सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धा घेतली तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रातून फक्त तीन तालुके निवडले होते. साताऱ्याचा कोरेगाव, बीडचा अंबाजोगाई आणि आपला वरुड. वरुडच्या उन्हात, एप्रिल-मे महिन्यात लोकांनी चर खोदले, बांध घातले. अशा कामात फौजी माणूस किती उपयोगी पडतो, ते वेगळं सांगायला नको. पहाटे पाचला माणसं उठवायची, टोळ्या पाडायच्या, कोणाला पाणी, कोणाला कुदळ आणि दहा वाजता उन्हाच्या आत घरी. त्याची भाषा इथं कामी येते.

आणि काही दिवस असे येतात की कुणीच तयार नसतं. १४ सप्टेंबर २०२१ रोजी वरुड तालुक्यातल्या झुंज इथं वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ जण बुडाले. दशक्रियेसाठी आलेलं एक कुटुंब होतं ते. अशा वेळी बचाव पथकं येतात, शोध चालतो, बातम्या होतात. ती गेल्यानंतर उरतात ते कागद. पंचनामा, दाखले, कोणत्या योजनेत काय बसतं याची चौकशी. अपघातात शेतकरी किंवा त्याच्या घरातला माणूस गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेतून २ लाखांची मदत मिळू शकते. सर्पदंश, वीज पडणं, विजेचा धक्का, फवारणीतली विषबाधा, सगळं त्यात येतं. त्यासाठी अर्ज वेळेत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे पोहोचला पाहिजे. दुःखात बुडालेल्या घराला मुदत कोण सांगणार? ज्याला माहीत आहे आणि ज्याला घरात येऊ देतात, तो.

याशिवाय रक्तदान शिबिराची यादी त्यांच्याकडे. वीरपत्नींची जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली कामं त्यांच्याकडे. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना पहाटे मैदानावर शिट्टी वाजवणारेही तेच. फी शून्य, शिव्या भरपूर.

एक काम मात्र कुठल्याच यादीत लिहिलेलं नसतं. कधी एखादा शेतकरी सहज विचारल्यासारखं विचारतो, “भाऊ, माह्या मागं घरी किती भेटन?” नवा एजंट लगेच आकडा सांगेल. जाणता माणूस बॅग बंद करतो. आकडा सांगत नाही, उठत नाही, चहा मागतो आणि विचारतो, “काय झालं गा? सांग.” मग त्याच्या भावाला फोन करतो, रात्री पुन्हा चक्कर मारतो. वऱ्हाडात शेतकऱ्याच्या तोंडून निघालेला हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नसतो, हे त्याला कळतं. तुमच्याही घरात, हॉस्टेलात असं कुणी बोललं तर एकटं सोडू नका. ‘टेली मानस’चा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, २४ तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

हे तुम्हाला का सांगतोय?

कारण हीच पाळी थोड्या दिवसांनी आपल्या वर्गातल्या पोरांवर येणार आहे. २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. अग्निवीराची नोकरी चार वर्षांची. त्यातले जास्तीत जास्त २५ टक्के पुढं कायम होणार. बाकीचे एकवीस ते पंचविशीच्या वयात, योजना जाहीर झाली तेव्हा सांगितलेला सुमारे ११.७१ लाखांचा सेवा निधी घेऊन घरी येणार. पेन्शन नाही. जुन्या फौजी भाऊंना दुसरी इनिंग चाळिशीत शोधावी लागली, त्यांना पेन्शनचा आधार तरी होता. आपल्या मित्रांना ती पंचविशीच्या आत शोधायची आहे.

त्यात विमा एजन्सी हा एक रस्ता आहे, पण झटपट पैशाचा नाही. पहिली दोन-तीन वर्षं नातेवाइकांच्या पॉलिसीवर निघतात. ते संपले की खरं काम सुरू होतं. टिकतो तो, ज्याच्या पॉलिसी टिकतात. दहा-पंधरा वर्षांनी जुन्या हप्त्यांचं कमिशन महिन्याचा आधार होतं आणि ठरावीक अटी पूर्ण केल्या असतील तर एलआयसीत ते एजंटच्या मागं त्याच्या वारसालाही मिळत राहतं. म्हणजे हाही शेवटी संत्र्याच्या बागेसारखाच धंदा आहे. आधी पाच-सहा वर्षं पाणी घालायचं.

आणि एजंट व्हायचं नसेल? तरी काम आहे. आपण घरात सगळ्यात जास्त शिकलेले. मोबाइल आपल्याला येतो, इंग्रजी फॉर्म आपल्याला वाचता येतो. काकांचं निम्मं काम आपण आपल्या घरापुरतं तरी करू शकतो. या रविवारी एक तास काढा.

घरी गेल्यावर एवढं करा

• कपाटातली पिशवी उघडा. घरातल्या सगळ्या पॉलिसींचे नंबर, रक्कम, हप्त्याची तारीख एका वहीत लिहा. ती वही कुठं आहे, ते आईला सांगा.

• प्रत्येक पॉलिसीवर नॉमिनी कोण, ते बघा. तो माणूस हयात आहे का? नाव बदलायचं राहिलंय का?

• पॉलिसी, आधार आणि बँक पासबुक, तिन्हीकडं नाव सारखं आहे का, ते तपासा. फरक असेल तर माणूस हयात असताना दुरुस्त करणं सोपं असतं.

• पासबुकात ४३६ आणि २० रुपयांची नोंद शोधा. ४३६ म्हणजे जीवन ज्योती, २० म्हणजे सुरक्षा विमा, म्हणजे अपघाताचा. नसेल तर बँकेत विचारा. जीवन ज्योतीत १८ ते ५० वयात भरती होता येतं, सुरक्षा विमा १८ ते ७० वयापर्यंत मिळतो.

• बंद पडलेली पॉलिसी टाकून देऊ नका. पहिला चुकलेला हप्ता पाच वर्षांच्या आतला असेल तर बहुतेक पॉलिसी पुन्हा चालू करता येतात. शाखेत जाऊन विचारा.

• नवी पॉलिसी आली की पाकीट न फोडता कपाटात ठेवू नका. वाचा. सांगितलं एक आणि लिहिलंय दुसरंच, असं दिसलं तर ३० दिवसांच्या आत ती परत करता येते.

• फॉर्मवर आजार लपवू नका, एजंटनं सांगितलं तरी नाही. हप्ता रोखीनं दिला तर पावती घेतल्याशिवाय उठू नका.

• दावा अडला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, मग विमा लोकपालाकडे जा. लोकपालाकडे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

आणि हो, पुढच्या वेळी ते काका दारात दिसले तर मागच्या दारानं पळू नका. पॉलिसी घ्यायची नसेल तर तोंडावर ‘नाही’ म्हणा, फौजेत राहिलेल्या माणसाला सरळ उत्तर चालतं. पण चहा घेईस्तोवर जवळ बसा आणि कपाटातली ती पिशवी त्यांच्यापुढं ठेवा.